शेळगावच्या हॉलमधला तिसरा आरसा

मागच्या रविवारी तुम्ही फोनवर मला बारामतीच्या घराचा हॉल दाखवायला लावलात आणि धाकटीने विचारलं, "आजी, त्या भिंतीवर चार स्क्रू आहेत, पण फोटो का नाही?" मी म्हटलं, तिथे फोटो नव्हता, आरसा होता. "फुटला?" नाही, फुटला नाही, शेळगावला आहे. तेवढ्यात तुमच्या आईने जेवायला हाक मारली आणि फोन बंद झाला. गोष्ट अर्धी टाकलेली मला चालत नाही, म्हणून उरलेली लिहून पाठवते.

आधी माणसं सांगते, मग आरसे. तुमचे आजोबा थोरले. ते पाटबंधारे खात्यात बारामतीला नोकरीला होते आणि मी तिथल्याच एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. त्यांचे धाकटे भाऊ गावी, इंदापूर तालुक्यातल्या शेळगावला शेती बघत. त्यांची बायको, म्हणजे तुमची शेळगावची आजी, ही माझी जाऊ. ती मला आक्का म्हणते. आणि माझ्या सासूबाई, तुमच्या पणजी. त्यांना आम्ही दोघी सुना आत्या म्हणायचो. त्या शेळगावलाच राहायच्या; फक्त दिवाळी झाली की गाठोडं बांधून थंडीपुरत्या आमच्याकडे बारामतीला यायच्या.

आपल्या घरात पूर्वी मेंढरं होती. तुमचे पणजोबा पावसाळा संपला की कळप घेऊन निघायचे आणि महिनोन्महिने रानात राहायचे. सासूबाईही तरुणपणी त्यांच्याबरोबर चालल्या होत्या. पुढे कॅनॉलचं पाणी आलं, रानात ऊस उभा राहिला, आणि चारायला जागाच उरली नाही तेव्हा पणजोबांनी कळप विकला. त्या दिवशी सासूबाई घराबाहेर आल्या नाहीत, आणि त्यानंतर कळपाचं नाव त्यांनी काढलं नाही. हे मला तुमच्या आजोबांनी सांगितलं होतं. एक मेंढा तेवढा ठेवला. तो म्हातारा झाला की दुसरा आणायचा, पण दारात एक मेंढा हवाच, कारण दिवाळीच्या पाडव्याला त्याला घरात घेऊन ओवाळायचा आपल्याकडे रिवाज आहे. सकाळी त्याला धुतात, शिंगांना तांबडा हिंगूळ लावतात, आणि मग तो उंबरा ओलांडून आत येतो. त्याला ओढायचं नाही, ढकलायचं नाही. आपल्या पायाने आला पाहिजे. आत आला की घरातली थोरली सून त्याला ओवाळते.

थोरली सून म्हणजे मी. त्या घरात चुलीपाशी, गोठ्यात, सासूबाईंच्या पायाला तेल चोळायला वर्षभर माझी जाऊ. मी सणाला येणारी, ताटावर बसणारी. "बारामतीच्या बाई आल्या," असंच गाव म्हणायचं. पाडव्याच्या सकाळी मात्र निरांजनाचं ताट माझ्या हातात असायचं आणि जाऊ माझ्या मागे उभी असायची. त्या घरात माझं म्हणून जे होतं, ते एवढंच.

आता आरसे. नव्वदच्या पुढची वर्षं ती. दिरांनी डाळिंब लावलं होतं, बाग चांगली धरली, आणि त्यांनी जुनं घर पाडून तिथेच बंगला बांधला. वास्तुशांतीला आम्ही गेलो. हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि मी थबकलेच. समोरासमोरच्या दोन्ही लांब भिंती फरशीपासून डोक्याच्या वर हातभर अशा सगळ्या आरशांच्या. जावेने ही कल्पना बारामतीच्या एका साडीच्या दुकानातून उचलली होती. तिथे दोन्ही बाजूंना आरसे असतात ना, दुकान मोठं दिसावं म्हणून, तसेच.

"आक्का, अशा मधी या. हितं उभ्या ऱ्हावा," तिने माझा दंड धरून मला मधोमध उभं केलं. "आता बघा किती आक्का दिसत्यात!"

पाहुण्यांतली एक बाई म्हणाली, "अगं बया, एकीला इतक्या थोरल्या जावा आसल्या तर तिनं नांदायचं कसं!" सगळ्या हसल्या. मीही हसले. मग म्हणाले, "छान झालंय. साड्या उलगडून दाखवायला एक माणूस तेवढा बसवा."

"बसवू की," जाऊ लगेच म्हणाली. "सुट्टी लागली की तुमीच या. विंग्रजीत दाखवा."

पुन्हा हशा. सासूबाई पाटावर बसून आरशाकडे बघत होत्या. "उजेड बघ किती पडतुया," त्या मला म्हणाल्या. "येक दिवा लावला तरी समदं घर लखलखतंय." माझ्या बारामतीच्या घरात त्या इतके हिवाळे राहिल्या, पण तिथल्या उजेडाबद्दल त्या कधी काही बोलल्या नव्हत्या. बोलण्यासारखा तो नव्हताही. आमच्या हॉलच्या खिडकीसमोर शेजाऱ्यांची भिंत होती आणि दिवसाही मला ट्यूबलाइट लावून पेपर तपासावे लागत.

परतताना एसटीत तुमचे आजोबा म्हणाले, "हॉल चांगला झालाय." मी "हो" म्हटलं. आणि बारामती येईपर्यंत खिडकीबाहेरचा ऊस बघत बसले.

तो हॉल काही मनातून जाईना. भडक आहे, हे मला दिसत होतं. शाळेच्या लायब्ररीत घरसजावटीचं एक इंग्रजी मासिक यायचं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की आरसा एकच असावा, नेमका असावा, खिडकीसमोर असावा, म्हणजे बाहेरची झाडं घरात येतात. समोरासमोर आरसे लावू नयेत, डोळ्यांना त्रास होतो, हेही लिहिलं होतं. ते वाचून मला फार बरं वाटलं. मी ते पान तुमच्या आजोबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तिला पाठवायचंय का भाषांतर करून?"

मी सुताराकडून सागवानी चौकट करून घेतली. तिच्यात चांगल्या जाड काचेचा आरसा बसवला आणि भिंतीत चार पितळी स्क्रू मारून चौकट त्यांवर अडकवली. सुताराची पाणपातळी लावून बघितली. केसभरही तिरपी नव्हती. आरशात समोरच्या भिंतीवरून डोकावणारी कडुनिंबाची फांदी आली. तिच्याबरोबर शेजाऱ्यांची काळी पाण्याची टाकीही आली. मी खिडकीचा पडदा थोडा ओढून टाकी अर्धी केली. पूर्ण जाईना, पूर्ण घालवली की फांदीही जायची.

दसऱ्याला सोनं द्यायला शेळगावला गेलो. चहा झाला, आणि बशा गोळा करता करता जाऊ म्हणाली, "आक्का, औंदा पाडव्याला यवढ्या सकाळचं कशाला पळत येताय? हॉल हितंच, मेंढा हितंच. मी घेते की ववाळून. तुमी आपलं निवांत जेवायला या."

ती हे अगदी सहज म्हणाली. सहज म्हणाली म्हणूनच मला ते लागलं.

"मान थोरलीचा असतो," मी म्हणाले. वर्गात वापरायचे तो आवाज निघाला.

"मान तुमचाच की. मी काय त्यो डब्यात घालून ठिवतीया?"

दोघे भाऊ बशीतला उरलेला चहा बघत बसले. मी म्हणाले, "मग यंदा बारामतीला करू. मेंढा टेम्पोत घालून आणा. आमच्या घरालाही उंबरा आहे." माझ्याकडे नवा आरसा आहे, हेही मी पुढे जोडलं. त्याचा तिथे काही संबंध नव्हता.

सासूबाईंनी सुपारीचं खांड गालात सरकवलं. "टेंपूत? टेंपूत बसून आल्याला मेंढा म्हंजी पावणा झाला गं. पावण्याला कोण ववाळतं?" जाऊ खुदकन हसली. "आन् तू हसू नगंस. ववाळील ती थोरलीच. पर हितं."

सासूबाईंचे निकाल असेच असत, दोघींनाही अर्धपोटी उठवणारे. मान माझा राहिला, पण तो आता तिच्या आरशांत जाऊन घ्यायचा होता. मी सावरून एक खरोखरच रास्त गोष्ट सांगितली. "मग त्या दिवशी आरशांवर चादरी टाका. त्याला समोर दुसरा मेंढा दिसेल आणि तो टक्कर देईल. काच अंगावर येईल कुणाच्यातरी."

"वैनी बराबर म्हणत्यात," दीर म्हणाले.

"चादरी?" जावेने बशा खाली ठेवल्या. "माझं आरसं झाकायचं हायती आक्कास्नी. वास्तुशांतीपासनं बघतीया मी. न्हाय झाकायची. फुटलं तर माझं फुटत्याल."

"फुटल्यावर मला सांगू नकोस."

"तुमास्नी सांगायला कशाला लागतंय? तुमी ताट घिऊन हितंच आसणार."

सासूबाई हसायला लागल्या, पदराने डोळे पुसायला लागल्या. "ह्या दोघीच लागल्या की टकरीला! मेंढा ऱ्हायला बाजूला."

पाडव्याला आम्ही उजाडता उजाडता स्कूटरवर निघालो. मांडीवर टॉवेलमध्ये गुंडाळलेलं माझं ताट आणि माझ्या माहेरचं चांदीचं निरांजन होतं. त्या दिवशी मला तिथलं काहीही वापरायचं नव्हतं. शेळगावला पोहोचलो तेव्हा जावेने आरसे ओल्या वर्तमानपत्राने पुसून असे लख्ख केले होते की भिंती आहेत की नाहीत कळेना. चादर कुठेही नव्हती. दाराशी रांगोळी होती. मेंढा अंगणात उभा होता, काळाभोर, धुऊन चमकणारा, तांबड्या शिंगांचा. शेजारपाजारच्या बाया स्वयंपाकघराच्या दारात दाटीने उभ्या होत्या. आरसे फुटणार ही बातमी गावात आधीच फिरली होती, हे मला त्यांच्या तोंडावरून कळलं.

मी हॉलच्या मधोमध ताट घेऊन उभी राहिले. दिरांनी मेंढ्याच्या गळ्यातली दोरी सोडली आणि ते बाजूला झाले.

मेंढा उंबऱ्यापाशी आला. गुळगुळीत फरशीवर त्याचा एक खूर घसरला, तो थांबला, मग पुन्हा जपून टाकला. दोन पावलं आत आला आणि त्याने मान उचलली. उजव्या भिंतीत एका तांबड्या शिंगांच्या मेंढ्याने मान उचलली. मी ताट छातीशी धरून मागे सरकले. काच फुटल्याचा आवाज मला ऐकू यायला लागलाही होता.

मेंढा ओरडला. टकरीला जाताना ओरडतात तसा नव्हे. वाट चुकलेलं मेंढरू लांबून ओरडतं तसा, लांबट. मग तो सरळ चालत आरशापाशी गेला, काचेला अंग लावून आडवा उभा राहिला आणि मान खाली घालून रवंथ करायला लागला. दुपारच्या उन्हात मेंढरं एकमेकांना खेटून उभी राहतात, तसा. आणि मी बघितलं तर दोन्ही भिंतींत मेंढरांमागे मेंढरं उभी होती, माना खाली घातलेली, एकमेकांना खेटलेली, पार आत, जिथे काच हिरवट होत जाते तिथपर्यंत.

सासूबाई पाटावरून उठल्या होत्या. "समदी हायती गं," त्या हळू म्हणाल्या. "समदी हायती की."

मग त्यांनी एक आवाज काढला. जीभ टाळूला लावून, घशातून, उतरत जाणारा. मला त्या घरात येऊन इतकी वर्षं झाली होती, पण तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. तो मेंढरं वळवायचा आवाज होता. मेंढ्याने मान वर केली, आणि त्याच्याबरोबर सगळ्या कळपाने मान वर केली. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. दीर दोरी गुंडाळायच्या निमित्ताने अंगणात गेले, आणि बराच वेळ ती दोरी त्यांना गुंडाळता येईना.

हे सगळं त्या भडक, साडीच्या दुकानासारख्या हॉलमध्ये झालं. मासिकाप्रमाणे नेमका लावलेला माझा एक आरसा सासूबाईंना हे देऊ शकला नसता. हातात पेटलेलं निरांजन धरून मी तिथे उभी होते आणि मला एवढंच दिसत होतं की हे जावेने दिलं. तेही न ठरवता.

ओवाळायचं तर राहिलंच होतं. पण मेंढा माझ्याकडे तोंड करीना. त्याचं तोंड आता आरशाकडे वळलेलं. ओढायचं नाही, हा तर नेम. मी ताटातल्या बाभळीच्या शेंगा दाखवल्या, टाळूला जीभ लावून सासूबाईंसारखा आवाज काढून बघितला. दारातली एक बाई फिसकन हसली.

"आत्या, मी बोलवू का त्याला?" मागून जाऊ म्हणाली. "माझ्या हातचं खातंय त्ये रोज."

आली शेवटी पुढे! मी ताट घट्ट धरलं. पण सासूबाईंनी आरशावरची नजर न काढताच सांगितलं, "थोरले, आरशातल्याला ववाळ. त्याचंच त्वांड हाय त्ये."

मी आरशासमोर गुडघ्यांवर बसले आणि काचेतल्या मेंढ्याला ओवाळलं. माझ्यासमोर ओळीने किती थोरल्या सुना बसल्या होत्या, प्रत्येकीच्या हातात निरांजन, आत आत पणत्यांची रांग लागावी तशी. आणि त्या प्रत्येकीच्या खांद्यामागे माझी जाऊ, मान उंच करून बघणारी. मी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. तिच्याशिवाय एकटी अशी मी त्या आरशांत कुठेच सापडेना.

ती माझ्या कानाशी वाकली. "आक्का, चादर आणू का?"

"गप बस," मी म्हणाले.

त्या वर्षी सासूबाईंनी गाठोडं बांधलं नाही. तुमचे आजोबा न्यायला गेले तर म्हणाल्या, "मला हितंच बरं वाटतंय." रोज दुपारी त्या मेंढ्याला हॉलमध्ये घ्यायच्या आणि आरशाकडे तोंड करून बसायच्या. जाऊ फरशी दोनदा पुसायची आणि कुरकुर करायची नाही. हे आजोबांनी मला कौतुकाने सांगितलं. मी भाजी चिरत होते, ती जरा जाडच चिरली गेली.

संक्रांतीच्या बाजारासाठी जाऊ बारामतीला आली आणि आमच्याकडे चहाला थांबली. पिशव्या हातातच ठेवून ती माझ्या आरशासमोर उभी राहिली. चौकटीवर बोट फिरवलं. "लई भारी काम हाय, आक्का." मग इकडेतिकडे बघितलं. "येकच हाय व्हय?"

मी तिला चहा दिला.

ती गेल्यावर मी आरशात बघत बसले. फांदी होती, अर्धी टाकी होती, मागे आमचा रिकामा हॉल होता. थंडीत सासूबाई जिथे बसायच्या ती खुर्चीही त्यात दिसत होती. दुसऱ्या दिवशी मी चौकट स्क्रूंवरून उचलून खाली घेतली आणि जुन्या चादरीत बांधायला लागले.

"काय चाललंय?" तुमच्या आजोबांनी विचारलं.

"शेळगावला नेतेय. तिथली एक आडवी भिंत मोकळी आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, वर्तमानपत्राची घडी घातली आणि गाडीची चौकशी करायला बाहेर पडले. तो माणूस संसारात माझ्याशी फार शहाणपणाने वागला.

शेळगावला चादर सोडल्यावर सासूबाईंनी विचारलं, "ह्यो कशाला आणलास?"

"मेंढ्याला," मी म्हणाले. "दोन बाजूंना कळप आहे, समोर नाही."

जाऊ कमरेवर हात ठेवून उभी होती. "मेंढ्याला न्हवं," ती म्हणाली. "आक्का, सरळ म्हणा की, मला ह्या घरात भिंत पायजे."

"पाहिजे," मी म्हणाले.

तिने हातोडी आणली, स्टुलावर चढली आणि स्वतःच खिळे मारले. आरसा किंचित तिरपा लागला. मी खालून सांगितलं, डावीकडून वर घे. तिने घेतला. तरी तिरपाच राहिला. "आता तुमीच करा," म्हणून ती उतरली. मी चढून सरळ केला. तेव्हापासून मी जाते तेव्हा तो तिरपा असतो आणि मी तो सरळ करते. ती मुद्दाम करते की काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

सासूबाई गेल्या, तो मेंढाही गेला. त्याच्या जागी दुसरे आले, आणि पाडवा अजून तिथेच होतो. ओवाळते मीच. नवा मेंढा कधी माझ्याकडे तोंड करतो, कधी काचेकडे. जाऊ पाहुण्यांना हॉल दाखवते तेव्हा म्हणते, "हे माझं दोन, आन् त्यो आक्कांचा." मी बसायच्या आधी माझ्या आरशावर बोट फिरवून बघते. तिचे दोन पुसलेले असतात आणि माझ्यावर धूळ असते, असं एकदाही झालेलं नाही. तरी मी बघते.

या दिवाळीला तुम्ही येणार आहात. शेळगावची आजी तुमचा दंड धरून तुम्हाला मधोमध उभं करेल आणि म्हणेल, "बघा किती नातवंडं!" उभे राहा, मजा येते. मग आडव्या भिंतीपाशी या. माझ्या आरशात रांगा लागत नाहीत. त्यात तुम्ही फक्त तुमच्याएवढे दिसाल, आणि मागे उघडं दार, ज्यातून मेंढा आत येतो. मी तिथेच उभी असेन. ती मागून हाक मारणारच आहे, तिला राहवत नाही. तेव्हा लगेच वळू नका.